खुंट

किल्ल्या दिल्या, शिक्के मोजून दिले,
तराजूची वजनं दिली, सही घेतली
आणि तीस नोव्हेंबरच्या संध्याकाळी घरी आलो
परदेशी तिकिटांची वही बगलेत मारून.
आता तिच्यातून शहर निवडतोय,
म्हातारं व्हायला.

लिस्बन: चढ फार. उजवा गुडघा ऐकणार नाही.
माँटेव्हिडिओ: तिकिटावर नुसता घोडा, बाकी काही कळत नाही.
तैपेई: भूकंप. शिवाय पुंजारामला मासळीचा वास सोसत नाही.
समुद्र मी पाहत नाही, हवामानही नंतर पाहतो.
आधी पाहतो,
तिथल्या दवाखान्यात
'रुग्णाशी नातं' या रकान्यात
काय लिहू देतात.

मागच्या पोळ्याला त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, अमरावतीला.
नर्सनं पेन पुढे केलं. मी लिहिलं: शेजारी.
ती म्हणाली, सख्खं कोणी नाही का?
मग अचलपूरहून पुतण्या येईपर्यंत,
ज्यानं काकाला तीन वर्षांत पाहिलं नव्हतं,
चार तास
माझी सही माझ्याच खिशात पडून राहिली.
अख्ख्या गावाचे अंगठे
मी खरे म्हणून लिहून दिले होते.

गाव वाईट नाही.
पोस्टमास्तर अन् पुंजाराम म्हणजे बैलजोडी, म्हणतात,
आणि बैलजोडी म्हटलं की पुढचं कुणाला विचारावं लागत नाही.
आमच्या दोन घरांमधल्या भिंतीला दार आहे,
घरपट्टी दोन.
लग्नाच्या पत्रिकाही दोन येतात,
दोन्हींवर 'सहकुटुंब'.

काल रोपवाटिकेत गेलो. तो उकिडवा बसून
जंबेरीच्या खुंटांवर संत्र्याचे डोळे भरत होता.
उभी चीर, आडवी चीर,
साल अलगद उचलायची, डोळा आत, पट्टी गच्च.
एकेकाळी दिवसाला हजार भरायचा. आता चारशेला कंबर धरतो.

म्हटलं, पुंजाराम, सेव्हिल. स्पेन देशात.
रस्त्याच्या कडेला संत्र्याची झाडं आहेत तिथं,
कचेरीपुढे, चर्चपुढे,
आणि खात कुणी नाही. कडू असतात.

तो थांबला. पट्टीचं टोक दातात.
"कडू? म्हणजे खुंटच हाये ना थो."
मग म्हणाला, "उन्हाळा?"
त्रेचाळीसला जातो.
"मंग आपलं वरुडच."
आणखी दोन डोळे भरले.
"दोघाईच्या नावानं खोली देते?"
देतात, म्हटलं. लग्नसुद्धा लावतात, सरकारी कचेरीत.
आणि आवाज बसला माझा.
हा शब्द या वाफ्यांमध्ये मी कधी मोठ्यानं काढला नव्हता.
त्यानं पलीकडे निंदणाऱ्या बायांकडे पाहिलं,
हातातल्या चाकूकडे पाहिलं,
मग हळूच:
"या वयात हळद लागन का अंगाले?"

हिशोब जमत नाही, मला माहीत आहे.
पेन्शनीत तिथलं अर्धंच भाडं निघतं,
नदीकडचा दीड एकर विकला तर वर सव्वादोन वर्षं.
त्याच्या आधार कार्डावर जन्म एक जानेवारी,
त्याच्या वर्गातल्या सगळ्यांसारखा.
पासपोर्टसाठी शिपाई चौकशीला येईल,
भिंतीतल्या दाराकडे पाहील
आणि चहा घेता घेता विचारेल.
तरी वहीत पान दुमडून ठेवलंय.

रात्री तो मधल्या दारानं आला,
हातात ओल्या बारदान्यात गुंडाळलेल्या चार काड्या,
त्याच्या सगळ्यात जुन्या झाडाच्या.
"हे नेता येते?"
विमानतळावर काढून घेतात.
"डोळे?"
डोळे.

काही बोलला नाही. माठाकडे गेला,
बारदान्यावर पाणी शिंपडलं,
काड्या कोपऱ्यात उभ्या करून ठेवल्या.
"असू दे," म्हणाला,
"आठ दिवस टिकते."