उतार

बंद केलात तर पुन्हा चालू व्हायचा नाही,
बाहिया ब्लांकाचा मेकॅनिक म्हणाला,
पैसे मात्र मोजून घेतले.
म्हणून तीन नंबरच्या हमरस्त्यावर दोन दिवस
आमचा रास्त्रोहेरो ट्रक घरघरतच राहिला.
जेवताना, डिझेल भरताना,
एलादियो झुडपामागे गेला तेव्हाही.

सपाट मुलूख. ढकलस्टार्टला उतार म्हणून कुठे नाही.
मागे दोरखंडानं आवळलेला फ्रिज, शिलाई मशीन,
कोंबड्यांचं रिकामं खुराडं.
कोंबड्या नेलिदाला देऊन टाकल्या,
खुराडं का आणलं, विचारू नका.
रात्री आळीपाळीनं झोपलो,
जागणाऱ्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर,
पाळण्याची दोरी अंगठ्याला बांधून पेंगावं तसा.

त्रेलेवच्या पुढे कधीतरी त्यानं विचारलं,
काम नाही मिळालं तर?
मी म्हटलं, काटा बघ, पाणी तापलंय.

कोमोदोरोतलं घर चढावर निघालं.
किल्ली मी फिरवली.
तेव्हा कळलं, इतका वेळ वारा
केवढ्यानं ओरडत होता.

सामान उतरवलं. चाकाखाली दगड लावला.
ट्रकचं तोंड
उताराकडेच ठेवलं.