न लिहिलेली प्रत

डंडीत डिसेंबरात चारलाच अंधार.
फर्गस माझा कोड वाचतोय, पेन दातांत.
"सात हा आकडा तुला दिला,
माझ्याकडचा सात गेला का? नाही.
पण हा नदीच्या तळाचा नकाशा, चाळीस एमबी,
दिलास की दिलास.
मग त्याचं नावही घ्यायचं नाही.
दोघांना हवा असेल तर तसं लिही: क्लोन.
खर्च डोळ्यांना दिसला पाहिजे."
लिहिलं. क्लोन, कंस उघडा, कंस बंद.

मार्चमध्ये तो ॲबर्डीनला गेला,
स्वतःची खुर्चीसुद्धा घेऊन.

काल मॉर्वेनचा कोड वाचत होते.
ती हसली: पेन का चावतेस?

वर्षभर मागे जाऊन
ओळ न ओळ पाहिली.
क्लोन कुठेच लिहिलेलं नव्हतं.