गळती

वैकुंठातून परतल्यावर बाबांनी पहिलं काम केलं ते
गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक बघण्याचं.
आदल्या रात्रीपासून पाणी वाहत होतं
आणि सोसायटीत कुणालाच कळलं नव्हतं.
ज्याला कळलं असतं, तो खाली चटईवर आडवा होता.

आमचे अप्पा. मधुसूदन सीताराम करडे,
कार्यकारी अभियंता, पाणीपुरवठा, सेवानिवृत्त.
दारावरच्या पाटीतला 'सेवानिवृत्त' त्यांनी स्वतः रंगवला,
बाकीच्या अक्षरांपेक्षा दोन सूत लहान.

जन्म तांबट आळीतला.
पाळण्यात असल्यापासून कानावर हातोडी,
बंबाची वेगळी, घंगाळाची वेगळी.
एखादा ठोका पोकळ पडला
की त्यांचे वडील मान न वळवता म्हणायचे, "बाद."
तो कान घेऊन अप्पा इंजिनिअर झाले.

रात्री दोनला पेठा निजल्या की
लोखंडी सळईचं एक टोक रस्त्याला टेकवून
दुसरं कानाला लावून उभे राहायचे.
नारायण पेठेत एकदा हवालदारानं हटकलं.
अप्पा म्हणाले, "शू. चार इंची लाइन बोलतेय."
तोही म्हणे वाकून ऐकू लागला.
(गोष्ट अप्पाच सांगायचे,
त्यामुळं हवालदार दर वेळी थोडा जास्त वाकायचा.)

मला शाळेतून न्यायला वीस मिनिटं आधी हजर.
फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणायचे.
दोन रुमाल, दोन छत्र्या,
वॉटरबॅगच्या झाकणाला जादा वॉशर,
कंपासपेटीच्या तळाशी घडी घातलेली दहाची नोट,
अडीअडचणीला.
ती मी एकदाच मोडली, बर्फाच्या गोळ्यावर.
दुसऱ्या दिवशी तिथं पुन्हा नोट होती,
तशाच चार घड्यांची.
आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

माया वगैरे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत.
मी बाणेरला अकराव्या मजल्यावर राहायला गेल्यावर
रोज सकाळी फोन करून विचारायचे,
"प्रेशर येतंय का तुझ्याकडं?"
मी "येतंय" म्हटलं
की ठेवून द्यायचे.

मग त्यांना ऐकू येईनासं झालं.
मशीन आणलं, ते दोन दिवसांत ड्रॉवरमध्ये गेलं.
"यात गोंगाट येतो, आवाज येत नाही."
दारावरची बेल, कुकर, फोनवरची मी,
एकेक लाइन बंद होत गेली,
पाणीकपातीत एकेक भाग कोरडा पडावा तशी.

एका दुपारी त्यांच्याकडं मी पेटी काढून बसले.
हात सुटलेला, भात्याला भोक.
अप्पा उठले. हत्यारांच्या डब्यातून
वीतभर लांब स्क्रूड्रायव्हर आणला.
टोक पेटीच्या लाकडाला,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.
मी भूप वाजवला, चुकत चुकत.
"धैवत गळतोय," अप्पा म्हणाले.
मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.
तोल जाऊ नये म्हणून
त्यांचा दुसरा हात माझ्या खांद्यावर होता.
निदान मला तरी
तोल जाऊ नये म्हणूनच वाटलं तेव्हा.

तेराव्यानंतर ज्याला जे हवं ते त्यानं नेलं.
मी स्क्रूड्रायव्हर मागितला.
पिवळी मूठ, तिच्यावर एका बाजूला
खोबरेल तेलाचा पुसट डाग.

कधी कधी दोनला जाग येते.
मी बाथरूममधल्या पाइपाला टोक लावून उभी राहते.
वरच्यांचा फ्लश, लिफ्टची घरघर,
फार खाली कुठंतरी पंप सुरू होतो.
कुठं गळतंय, ते मला अजून सांगता येत नाही.

काल नवऱ्यानं दार ढकललं.
"काय करतेस?"
"शू," मी म्हटलं.
हातात पाण्याचा तांब्या घेऊन
तोही तसाच उभा राहिला,
जरासा वाकून.