पुढील भागात

नऊ वाजता मालिका लागते.
मी मांडीवर सूप घेऊन बसते.
पानं दुपारीच फर्म्यावर कापून ठेवलेली,
बोटं आपोआप वळतात, दोरा गुंडाळतात,
म्हणून डोळे मोकळे.

मोठं शहर आहे. नाव सांगत नाहीत,
पण समुद्र आहे, काचेच्या इमारती आहेत,
आणि आग
रोज रात्री, रविवार सोडून.

विक्रांत म्हणून फायरमन आहे, देखणा.
आगीतून बाहेर आला की काजळी
त्याच्या एकाच गालावर असते.
पोलीस इन्स्पेक्टर बाई त्याच्याशी भांडते
आणि भांडताना तिचे केस उडतात.
त्याच्या पाइपातलं पाणी कधी संपत नाही.

यादगिरी हसतो.
ड्यूटीवरून आलेला, टाचांना खोबरेल चोळत.
"बघ की, पाठीवरचं सिलिंडर पंचवीस मिनिटांचं.
साबणाची जाहिरात झाली, सोन्याची झाली,
हा अजून आतच.
मेला असता एव्हाना."
गप बसा वो, मी म्हणते.

आमच्या घरकुलात पाणी पाचव्या दिवशी येतं.
बंब भरायला टाकीवर नेतात तेव्हा
तिथं घागरींची रांग असते,
आणि रांगेतली एखादी म्हणतेच,
आधी आमचं भरा, आग काय पळून जाते?
हे यादगिरीच सांगतो, हसत.
मी सांगत नाही
की एकदा ती मीच होते.

वेस्टेज सुताचं गोदाम मालिकेत येणार नाही.
तिथल्या आगीला ज्वाळा फारशा नसतातच.
गाठी आतल्या आत धुमसतात,
वरून पाणी मारलं की गप्प,
पहाटे परत धूर.
तीन दिवस.
तीन दिवस कोण बघत बसेल?

बघत होते म्हणा. मोबाइल वर धरून.
हवालदार मुजावर दोरी धरून ओरडत होता, मागं सरका,
दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज गेला,
मग नुसतेच हात.
संध्याकाळी दोघं बंबाच्या पायरीवर बसले,
कॅरीबॅगेतला चहा, कागदाचे कप,
कोणी काही बोललं नाही.
मालिकेत इथं बोलले असते.
मागे बासरी वाजली असती.

तिसऱ्या दिवशी ताडपत्रीत गुंडाळून कोणाला तरी बाहेर आणलं.
वय मला सांगितलं नाही.
घरी येऊन दारातली
आमच्या श्रीशैलची चप्पल उचलली,
तळहातावर ठेवून बघितली,
परत होती तिथं ठेवली, सरळ करून.
मग आंघोळीला पाणी आहे का विचारलं.
अर्धी बादली होती.

आज विक्रांत सतराव्या मजल्यावर.
कपाटात एक पोरगं लपलंय,
आपल्याला दिसतं, त्याला दिसत नाही.
हात कपाटाच्या मुठीपाशी जातो,
संगीत वाढतं,
आणि अक्षरं: पुढील भागात.
श्शी, मी म्हणते मोठ्यानं.
यादगिरी झोपलेला, तोंड उघडं,
तेलाची वाटी पायापाशी.
मी पंचवीसचा कट्टा बांधते, परत मोजते,
चोवीसच भरतात.

पहाटे पाचला बुटाची नाडी बांधताना,
वर न बघता,
"त्या पोराचं काय झालं?"

कुठल्या, असं मी विचारलं नाही.
सापडलं, म्हणाले.

बरं, म्हणाला.
गाडीला किक मारली.
तिसऱ्या किकला लागली.