प्रयागबाईची बशी

पाचव्या दिवशी पेशी एकमेकींत विरघळतात.
परभणीत तेव्हा चव्वेचाळीस अंश,
पशुवैद्यकच्या शेडमध्ये म्हशी धापा टाकतात
आणि सदतीसवरचा इन्क्युबेटर
हाताला गार लागतो.

उंदराच्या मांडीच्या नळीतला मगज
मी सोमवारी पेरला चोवीस खळग्यांत.
सगळ्यांना निरोप एकच :
हाड खाणारी हो.

निरोपानं भागत नाही.
आत जरा जळावं लागतं पेशीला,
राखेखाली निखारा झाकून ठेवावा, एवढंच.
ज्या खळग्यात मी ती धग पुसली
(औषधाला गंधकाचा, नासक्या अंड्याचा वास)
तिथं पेशी सुट्ट्याच राहिल्या,
बाजार उठल्यावर गोणपाटावर उरलेल्या मुगासारख्या.
जिथं पेरॉक्साइडचा हात सैल सुटला
तिथं सकाळी नुसता गाळ.

मधल्या रांगेत मात्र त्या आहेत.
रंग दिल्यावर जांभळाच्या डागासारख्या,
पसरट, खादाड,
एकीच्या पोटात पंधरा-पंधरा केंद्रकं.
तीनच्या खालची मोजत नाहीत आमच्यात.

काचा धुता धुता प्रयागबाई वाकून बघते.
"खायलेत का आता?"
खायलेत, म्हटलं.
"मारून टाकायच्या का मग?"
नाही. जुनं खाल्ल्याशिवाय नवं भरत नाही.

हे तिला कळतं. तिचा नवरा
मानवत-पाथरीकडची माळवदं उतरवायचा,
सागाचे खण मोजून विकायचा.
मालक नवं बांधणार का, आधी विचारायचा;
नुसतं पाडायच्या कामाला गेला नाही कधी.
"शेवटी शेवटी गेला," ती म्हणते,
आणि नळ बंद करते.

मग पिशवीतून कागद काढते.
नांदेडचा शिक्का. मणका, खुबा.
उणे तीन पूर्णांक दोन.
चार महिन्यांत मनगट दोनदा मोडलं,
दुसऱ्यांदा तर परात उचलताना.
मी आकडा बघते, ती माझं तोंड बघते.

"ताई, ह्यातली माझी बशी कोनची?"

लाइट जाते. इन्व्हर्टर टिकटिकतो.
ही उंदरं आहेत, मी म्हणते,
ह्याला अजून वर्षं लागतील, म्हणते,
कॅल्शियम घेतेस ना, असंही म्हणते.
ती ऐकून घेते.
"तो निखारा म्हनता नव्हं तुमी,
माझा जरा जास्तच फुलला आसंल,"
आणि कोरड्या काचा
उजव्या हातानं एकेक लावत जाते.

संध्याकाळी वहीत लिहिलं :
प्लेट दोन, ब रांग, एक्केचाळीस.
शेजारी पेन्सिलीनं, पुसता येईल असं,
प्र.