अठरा-पंचावन्न

शहापुरात, खडेबाजारात, माझं दुकान.
पाटीवर वर कन्नड, ठळक,
खाली मराठी, नियमात बसेल एवढी.
बिल इंग्रजीत निघतं
आणि घासाघीस, ज्याला जी येईल तीत.

काचेच्या कपाटात, मोबाईलच्या कव्हरांच्या वर
एकच कॅमेरा उरला होता.
शिकाऊंचा. अंगानं प्लास्टिकचा,
तोंडाला अठरा-पंचावन्नची लेन्स,
डोक्यावरच्या चकतीत हिरवा चौकोन,
आणि पार दुसऱ्या टोकाला एम,
तिथवर कोणी बोट नेत नाही.

हुबळीचा एजंट फोनवर म्हणाला,
हलगेकर, हे मॉडेल आता यायचं नाही.
शिकणारे सगळे फोनवरच शिकायलेत.
मी म्हटलं, बरं.
माझा मुलगासुद्धा बारशाचे फोटो फोनवर काढतो
आणि ते माझ्यापेक्षा बरे येतात,
हे मी दुकानात बोलत नाही.

सौजन्या किणयेकर मार्चमध्ये आली.
शंभराच्या नोटा, रबरात गुंडाळलेल्या,
काहींना तेलाचा वास.
वडील उद्यमबागेत, फौंड्रीत, दुसऱ्या पाळीला.
आधी तिनं फोन दाखवला:
रात्रीचे दहा, ओतकाम चालू,
आणि शेडमध्ये मंगल कार्यालयासारखा लख्ख उजेड.
बोल्ट न् बोल्ट मोजून घ्यावा.
वडिलांचे गाल इस्त्री केल्यासारखे.
"बाबा म्हणाले, हे कुठलं शेड गं?"

फोनला अंधार खपत नाही, पोरी.
कुठं दिसला की भरून काढतो,
शेजारणीचा डबा रिकामा परत द्यायचा नाही
म्हणून आपण त्यात काहीतरी घालतो, तसा.
"आणि हा?"
हा मठ्ठ आहे.
सांगशील तेवढंच करील.
चुकलीस तर चुकलेलं तोंडावर देईल.

ती काही कमी करा म्हणाली नाही.
मीच तीनशे कमी केले.

पंधरा दिवस तिनं नुसतं काळं आणलं.
मग पांढरं, करपल्यासारखं.
मग हललेलं: एका माणसाला तीन हात,
पळीतून सांडणारी रेघ,
आणि एकदा फक्त वडिलांचा डबा, तोही तिरपा.
दर शनिवारी काउंटरवर कार्ड ठेवायची
आणि माझ्याकडे न बघता कव्हरं चाळायची.
मी सांगायचो, श्वास सोड आणि मग दाब.
भिंतीला टेक. थोडं थांब.
लोखंड काही पळून जात नाही.
"जातंय की," म्हणाली. "थंड होतंय."

त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

मेमध्ये एक आला.
चारी कडांना डांबरासारखा काळोख.
मध्ये ओतणारी धार, जवळजवळ पांढरी,
आणि तिच्या उजेडात जेवढं येतं तेवढंच:
अर्धा जबडा, गमछ्याची गाठ, एक कान.
बाकीचा माणूस आहे, पण तुम्ही मानायचा.

दुसऱ्या दिवशी वडील स्वतः आले,
अंगठ्याला नख नसलेला हात काउंटरवर टेकून
प्रिंटकडे बराच वेळ बघत राहिले.
"असंच असतंय आमच्यात," म्हणाले,
आणि मग कोणाला तरी सांगावं तसं, कन्नडमध्ये,
"बरोबर ऐती."
तो शब्द आमच्याकडे दोन्ही घरांत नांदतो.
फ्रेम नको म्हणाले. लॅमिनेशन करा,
तिथं लोखंडाची धूळ उडते.

पुढं काय, हे एजंटालाही ठाऊक नाही.
त्या कॅमेऱ्याचा चार्जर जळाला तर
कुठून आणायचा, ही माझी आजची चिंता.
रविवारी सौजन्याबरोबर आणखी तिघं येतात,
एक कॅमेरा चौघांत, पाळीपाळीनं,
आणि माझा पासपोर्ट फोटोचा धंदा अडवून
स्टुलावर एकमेकांना बसवतात.

कपाटात डबा होता तिथं
धुळीत एक स्वच्छ चौकोन उरलाय.
बायको म्हणते, जागा वाया चाललीये,
टेम्पर्ड ग्लास लावा.
लावीन.
अजून लावलेली नाही.