झीज

कुमुद टॉकीजला मंगळवारी साडेसहाचा खेळ.
तिकीट साठ रुपये, खुर्च्या एकशेऐंशी,
त्यातल्या बसण्याजोग्या नव्वद,
आणि बसलेले आम्ही चौदा.
इरगोंडा काका स्वतःच तिकीट फाडतात
आणि स्वतःच वर जाऊन मशीन सुरू करतात,
म्हणून दिवे गेल्यावर पडदा उजळेपर्यंत
त्यांच्या बारा पायऱ्या ऐकू येतात.

आप्पांना मी फसवूनच आणलं होतं.
'कार्टून हाय व्हय?' म्हणाले,
'मग पोरं कुठं हायत?'
नखांत हिरड्याचा काळेपणा,
सदऱ्याला दिवसभराच्या चामड्याचा वास,
आणि शेजारचा कॉलेजातला मुलगा
एक खुर्ची सोडून सरकलेला.
मी पाहिलं.
आप्पांनीही पाहिलं असणार.
असलं काही ते बोलून दाखवत नाहीत.

सिनेमा जपानी. खाली इंग्रजी अक्षरं पळतायत.
मी कानाशी लागले:
ही मुलगी मिठागरावरची,
आता शहरात आलीय मामाकडे,
मामा म्हणतोय की
'गप बस,' आप्पा म्हणाले. 'दिसतंय की मला.'

मग बराच वेळ काही घडलंच नाही.
किटलीतून वाफ निघत राहिली.
भिंतीवरचं मांजर
उतरावं की नाही ते ठरवत राहिलं.
मागून आवाज आला, 'पुढं ढकल की मर्दा!'
चौघं हसली.
आप्पा मात्र पुढं वाकलेले,
आरीत वादी ओवताना वाकतात तसे.

कारण दारात त्या मुलीनं पायताण काढलं होतं.
काढलं, वळली, गुडघ्यावर बसली,
आणि जोड उचलून
तोंड रस्त्याकडं करून ठेवला,
उद्या निघताना पाय सरळ आत जावा म्हणून.
आप्पांचा हात माझ्या मनगटावर आला.
'डावी टाच बघ.'
मी बघेस्तोवर चित्र पुढं गेलं.
'भायेरच्या अंगानं झिजलीय. एकच.
पोरगी लई वर्षं
डाव्या कडंला काहीतरी घेऊन चालल्याली हाय.
घागर न्हवं.
घागरीनं चवडा बी गेला असता.
जित्तं काहीतरी. हलणारं.'

सिनेमानं ते सांगितलं पन्नास मिनिटांनी.
मिठाच्या पांढऱ्या बांधावर
आठ वर्षांची ती, कडेवर भाऊ,
त्याचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबणारे.
पुढच्या चित्रात बांध तोच,
ती तीच,
कंबर अजून तशीच एका बाजूला काढलेली,
आणि कडेवर कुणी नाही.
एवढंच. संगीतसुद्धा नाही.
अंधारात कुणाचा तरी श्वास अडकला.
सरकून बसलेल्या मुलानं चष्मा काढला.
आप्पा हलले नाहीत.
ते पन्नास मिनिटं आधीच तिथं जाऊन पोचले होते
आणि आमची वाट बघत होते.

दिवे लागले. काका जिना उतरून आले.
आप्पांनी विचारलं, 'काढलं कुणी हे?'
'हातानं काढत्यात सिदरामभाऊ. शे-दोनशे माणसं बसत्यात वर्षं-वर्षं.'
आप्पांनी मान डोलावली.
'त्यात एकजण आमच्यातला असणार.'
काका हसले,
मग हसायचे थांबले.

बाहेर वडापच्या गाड्या बोंबलत होत्या.
कुणाच्या तरी कढईत लसूण जळत होता.
चालता चालता मी विचारलं,
'आणि माझी कुठली झिजते?'
खाली न बघताच म्हणाले,
'उजवी. चवड्याला.
तू उभी ऱ्हातीस तवाबी निघाल्यालीच अस्तीस.'

पुण्याच्या नोकरीचं पत्र
चार दिवस माझ्या पर्समध्ये होतं.
मी काही बोलले नाही.
त्यांनीही विचारलं नाही.

बिंदू चौकापर्यंत आलो तेव्हा
ते एकदम थांबले.
'ते मांजर उतरलं का गं शेवटी?'

मला आठवेना.
अक्षर न् अक्षर वाचलं होतं मी.